छप्पर शाकारून झाल्यावर : फ्रान्सच्या खेड्यातले इंग्रज आणि त्यांची पुस्तकं



प्रवासवर्णनाबद्दल आपण बऱ्याचदा बोलतो. आज त्याच्या शेजारच्या एका लेखनप्रकाराकडे बघायचं आहे. प्रवासी येतो, बघतो आणि परत जातो. पण जो येतो आणि राहतो, घर घेतो, नळवाल्याची वाट बघतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याला घाबरतो, तो जेव्हा लिहायला बसतो तेव्हा त्याच्या लेखनाला प्रवासवर्णन म्हणता येत नाही आणि निखळ आत्मचरित्रही म्हणता येत नाही. इंग्रजीत अशा पुस्तकांचं मोठं दालन आहे, आणि त्यातला एक भरगच्च कप्पा फ्रान्सच्या खेड्यांत जाऊन राहिलेल्या ब्रिटिश लोकांचा आहे. जुनं दगडी घर, द्राक्षाचे मळे, लांबलचक जेवणं, कधीच वेळेवर न येणारा गवंडी. आपल्यापैकी अनेकांनी यातलं एखादं तरी पुस्तक वाचलं असेल, किंवा पडद्यावर तरी पाहिलं असेल.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना ते तपासता येईल. या पुस्तकांत घर फार छान दिसतं. ते घर आधी रिकामं का झालं, हे दिसत नाही. आणि घर दुरुस्त होऊन छप्पर शाकारून झालं की पुस्तक संपतं. त्या माणसाचं तिथलं राहणं मात्र खरं म्हणजे तिथून पुढे सुरू होतं. मागचं आणि पुढचं, अशी दोन्ही टोकं कापल्यावर जे मधलं उरतं ते गोड असतं. ते गोड आहे म्हणून त्याला नावं ठेवायची नाहीत. पण काय कापलं गेलं, हे समीक्षकानं विचारायला हवं.

आता थोडी पार्श्वभूमी. इंग्रजांना फ्रान्सचं आकर्षण जुनं आहे आणि फ्रान्सबद्दल कुरकुर करायची सवयही तितकीच जुनी. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश कादंबरीकार 1763 मध्ये प्रकृतीसाठी तिकडे गेला आणि बराच काळ नीस शहरात राहिला. नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. त्याचं पुस्तक 1766 साली आलं. खानावळवाले, जेवण, रस्ते, कशावरच तो खूश नाही. दोनच वर्षांनी लॉरेन्स स्टर्न यानं आपल्या पुस्तकात या कुरकुऱ्या प्रवाशाची टर उडवली. म्हणजे बघा, या लेखनाचे दोन सूर, तक्रारीचा आणि लोभाचा, अडीचशे वर्षांपूर्वीच लागलेले आहेत. पुढे 1834 साली लॉर्ड ब्रूम कानमध्ये स्थिरावले आणि त्यांच्यामागून इंग्रज श्रीमंतांची रीघ लागली. नीसच्या समुद्रकाठच्या रस्त्याचं नावच 'इंग्रजांची फिरण्याची वाट' असं आहे. पण ही सगळी मंडळी किनाऱ्यावरची, हिवाळ्यापुरती आणि पैसेवाली. खेड्याकडे ती वळली नव्हती.

खेडं उघडलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि ते उघडलं याचं कारण ते रिकामं झालं. ट्रॅक्टर आले, लहान जमिनी परवडेनाशा झाल्या, तरुण मुलंमुली कारखान्यांत आणि शहरांत गेली. फ्रेंचांमध्ये याला 'ग्रामीण निर्गमन' म्हणतात. समाजशास्त्रज्ञ आन्री मांद्रास यांनी 1967 साली एक पुस्तक लिहिलं, त्याचं शीर्षकच 'शेतकऱ्यांचा अंत' असं आहे. कौलं उडालेली, दारं निखळलेली घरं गावोगाव उभी राहिली. त्याच काळात इंग्लंडमध्ये घरांच्या किमती चढत गेल्या. 1973 मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात आलं. लंडनच्या उपनगरातलं एक साधं घर विकून दोर्दोन्य भागात कोठार आणि बागेसह शेतघर घेता येऊ लागलं. 1994 मध्ये समुद्राखालचा बोगदा सुरू झाला, मग स्वस्त विमानं बेर्जराक आणि लिमोजसारख्या लहान विमानतळांवर उतरायला लागली. दोर्दोन्यमधल्या एमे या गावात तर क्रिकेटचा क्लब आहे. आज फ्रान्समध्ये राहणाऱ्या ब्रिटिश लोकांची संख्या दीड लाखाच्या आसपास धरली जाते. ते सगळेच काही खेड्यात राहत नाहीत, पण खेड्यातला इंग्रज ही एक ओळखीची व्यक्तिरेखा झाली आहे.

या व्यक्तिरेखेला चेहरा दिला तो पीटर मेल यांनी. जाहिरातीच्या धंद्यातून बाहेर पडलेला हा माणूस बायकोसह दक्षिणेकडच्या ल्युबेराँ डोंगराच्या पायथ्याशी, मेनेर्ब गावाजवळ, दोनशे वर्षं जुन्या शेतघरात राहायला गेला. लिहायची होती कादंबरी. पण घराच्या कामात आणि शेजाऱ्यांत ती राहून गेली, आणि त्या राहून जाण्याचंच पुस्तक झालं : 'अ इयर इन प्रॉव्हान्स', 1989. पहिली आवृत्ती अगदी लहान होती. पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या, कितीतरी भाषांत अनुवाद झाले, 1993 मध्ये बीबीसीनं मालिका केली.

हे पुस्तक का चाललं, हे आधी नीट समजून घेऊ. त्याची रचना बारा महिन्यांची आहे. आपल्याकडे बारामासा असतो तसंच हे, जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत ऋतूंच्या अंगानं जातं. जानेवारीत मिस्त्राल नावाचा बोचरा वारा सुटतो, नळ गोठून फुटतात, मेनिकुची नावाचा नळवाला येतो आणि पृथ्वीचा बाक थोडा सपाट झाल्यामुळे वारा आता जवळच्या वाटेनं येतो असा सिद्धांत मांडतो. मासो नावाचा शेजारी कोल्हा शिजवायची कृती सांगतो. गवंडी एक भिंत पाडून गायब होतात. लेखक या सगळ्यांना हसतो, पण त्याहून जास्त स्वतःला हसतो. मराठीत ज्याला आपण निर्विष विनोद म्हणतो, तो हा. वाक्य हलकं, तपशील नेमका. जेवणाची वर्णनं तर अशी की वाचणारा उपाशी असेल तर त्याची काही धडगत नाही. एवढं श्रेय द्यायलाच हवं.

पण आता एक तपशील बघा. मेल यांच्या घराभोवती द्राक्षाचे वेल होते. ते वेल कसत होता शेजारी फोस्तँ. व्यवस्था वाट्याची. भांडवली खर्च मालकाचा, कष्ट फोस्तँचे. उत्पन्नाचे दोन भाग कसणाऱ्याला आणि एक भाग मालकाला. आपल्या कानांना हे किती ओळखीचं आहे! मालक आणि कूळ, वाटा आणि खंड, या शब्दांवर आपल्याकडे कायदे झाले, चळवळी झाल्या, कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. या पुस्तकात हा तपशील येतो आणि पुढे सरकतो. फोस्तँची ही वाट्याची शेती किती पिढ्यांची, त्याच्या मुलांना ती पुढे करायची आहे का, शेजारचं घर शहरातल्या माणसानं घेतल्यावर जमिनीच्या भावाचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. फोस्तँ सज्जन आहे, भला आहे, हवामानाबद्दल नेहमी निराश आहे. म्हणजे तो स्वभाव आहे. त्याला इतिहास नाही.

या पुस्तकातल्या जवळजवळ सगळ्या स्थानिक माणसांचं असंच होतं. ती घरासाठी येतात. नळवाला नळासाठी, गवंडी भिंतीसाठी, मासो विनोदासाठी. काम झालं की ती पानाबाहेर जातात आणि पानाबाहेर त्यांचं काय चाललं आहे, हे आपल्याला कळत नाही. शेवटी काम संपेना म्हणून लेखकाची बायको युक्ती काढते : काम पूर्ण झाल्याची मेजवानी नाताळाच्या आधी ठरवून टाकायची आणि कारागिरांच्या बायकांनाही बोलवायचं. बायकांसमोर अर्धवट काम दाखवायची लाज वाटून सगळे धावत येतात आणि घर पूर्ण होतं. प्रसंग खरोखर मजेदार आहे. पण त्या बायका पुस्तकात येतात त्याच मुळी घर पूर्ण करून घेण्याचं साधन म्हणून.

इथे आम्हांला एका दुसऱ्या पुस्तकाची आठवण होते, आणि ते आपल्या अंगणातलं आहे. 1889 साली, म्हणजे मेल यांच्या पुस्तकाच्या बरोबर शंभर वर्षं आधी, 'बिहाइंड द बंगलो' नावाचं पुस्तक आलं. लेखक एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. जन्म साताऱ्याचा, स्कॉटिश मिशनऱ्याचा मुलगा, मुंबई इलाख्यात मीठ आणि जकात खात्यात नोकरी, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. निसर्गाचं त्यांचं निरीक्षण फार बारीक. या पुस्तकात मात्र निरीक्षणाचा विषय आहे बंगल्यातले नोकर. घोडेवाला, बटलर, स्वयंपाकी, हमाल, धोबी, आया, एकेकाला एकेक प्रकरण. विनोद इथेही खेळकर आहे, लेखक इथेही हैराण आहे, आणि धोब्यानं फाडलेल्या सदऱ्याचं दुःख इथेही रंगवून सांगितलं आहे.

दोन्ही पुस्तकं सारखी आहेत, असं आम्हांला म्हणायचं नाही. एटकिन सत्तेच्या बाजूला बसले होते. मेल यांच्या हातात सत्ता नव्हती. प्रॉव्हान्सचा नळवाला स्वतंत्र नागरिक आहे, मनात आलं तर येतो, नाही तर दुसरीकडे जातो. इंग्रजानं त्याची वाट बघत थंडीत कुडकुडायचं. या उलटापालटीतच मेल यांच्या विनोदाची गोडी आहे. पण साचा तोच राहिला. घराच्या मध्यावर बोलणारा, लिहिणारा एक गृहस्थ, आणि त्याच्या भोवती कामाच्या नावानं ओळखले जाणारे, लकबींनी रंगवलेले स्थानिक लोक. साम्राज्य गेलं तरी मांडणी राहिली. ज्या भाषेनं आपल्या धोब्याचं व्यंगचित्र काढायला हात वळवला, तिला मेनेर्बचा नळवाला रेखाटणं सोपं गेलं असणार, असा आमचा अंदाज आहे.

आता भाषेचाच मुद्दा निघाला आहे तर एक गंमत सांगतो. फ्रेंचमध्ये समोरच्याला हाक मारायचे दोन प्रकार आहेत. एक आपल्या 'तू'सारखा, एक 'तुम्ही'सारखा. खेड्यातल्या पावाच्या दुकानात शिरताना सगळ्यांना नमस्कार म्हणायचा आणि 'तुम्ही' म्हणायचं. शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं 'तुम्ही' चालतं. मग एखाद्या दिवशी, सरपण उतरवायला मदत केल्यावर किंवा कुणाच्या मयताला जाऊन आल्यावर, शेजारी 'तू' म्हणतो. ती त्या माणसाच्या तिथल्या आयुष्यातली मोठी घटना असते. इंग्रजीत ती लिहिताच येत नाही, कारण तिथे एकच सर्वनाम आहे. फार तर सांगता येते, ऐकवता येत नाही. मराठीत आपल्याकडे 'अहो'चं 'अरे' कधी होतं, हे लहान पोरालाही कळतं. म्हणून या पुस्तकांचा कुणी मराठी अनुवाद केला तर त्याला प्रत्येक संवादात ठरवावं लागेल की हा गवंडी साहेबांना काय म्हणतो, आणि साहेब त्याला काय म्हणतात. मूळ पुस्तकानं झाकलेलं नातं अनुवादात उघडं पडेल.

मेल यांच्या पुस्तकाला दोन पर्याय आपल्यासमोर आहेत. पहिला अगदी जवळचा. मेनेर्बपासून थोड्याच अंतरावर रूसियाँ नावाचं गेरूच्या डोंगरावरचं गाव आहे. तिथे 1950 मध्ये लॉरेन्स वायली हे अमेरिकन प्राध्यापक बायको आणि दोन मुलांसह वर्षभर राहिले. 1957 साली त्यांचं 'व्हिलेज इन द व्होक्ल्यूज' आलं. गावाचं नाव त्यांनी पुस्तकात बदललं. तेही बाहेरचे, तेही एकाच वर्षाचे. पण त्यांची मुलं गावच्या शाळेत गेली, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्या शाळेबद्दल, मुलांना कसं वाढवतात, कर्ज, वाद आणि अविश्वास गावात कसे चालतात याबद्दल आहे. वायली यांना घर दुरुस्त करायचं नव्हतं. त्यामुळे माणसं त्यांच्याकडे कामासाठी येत नाहीत, तेच माणसांकडे जातात. एवढ्या एका फरकानं पुस्तकाची दिशा बदलते.

दुसरा पर्याय म्हणजे जॉन बर्जर. हे मात्र पक्के इंग्रज, लंडनचे. 1972 साली बुकर मिळाल्यावर त्यांनी अर्धी रक्कम ब्लॅक पँथर चळवळीला दिली आणि उरलेल्या पैशांतून युरोपात येणाऱ्या परदेशी मजुरांवर छायाचित्रकार जाँ मोर यांच्यासोबत 'अ सेव्हन्थ मॅन' हे पुस्तक केलं. ते 1975 साली आलं. याच सुमारास ते आल्प्स पर्वतातल्या ओत-सावोआ भागात कँसी नावाच्या लहान वस्तीत राहायला गेले आणि पुढची कितीतरी दशकं तिथेच राहिले. गवत कापणीला शेजाऱ्यांबरोबर उतरले. तिथून त्यांची तीन पुस्तकं आली : 'पिग अर्थ' 1979 मध्ये, 'वन्स इन युरोपा' 1987 मध्ये आणि 'लायलॅक अँड फ्लॅग' 1990 मध्ये. तिन्हींचं एकत्रित नाव 'इन्टू देअर लेबर्स', योहानाच्या शुभवर्तमानातून घेतलेलं. दुसऱ्यांनी कष्ट केले आणि आपण त्या कष्टांत येऊन दाखल झालो, असा त्याचा रोख. खेड्यात राहायला आलेल्या माणसानं स्वतःबद्दल याहून प्रामाणिक शीर्षक शोधणं कठीण आहे.

'पिग अर्थ'मधली ल्यूसी काब्रोलची गोष्ट घ्या. ही ठेंगणी, चिवट बाई. भाऊ तिला शेतावरून हाकलतात. ती डोंगरात एकटी राहते, अळंबी आणि रानफळं गोळा करून सीमेपलीकडे विकते, येताना चोरून माल आणते, पैसा साठवते. त्या पैशासाठी तिचा खून होतो. तिचं तिसरं आयुष्य मरणानंतरचं आहे, त्यात मेलेली माणसं मिळून तिच्यासाठी घर बांधतात. आता या घराशेजारी मेल यांचं घर ठेवून बघा. दोन्ही पुस्तकांत गावातली माणसं येऊन घर बांधतात. एकीकडे पाहुण्याचं, एकीकडे आपल्यातल्याच हाकललेल्या बाईचं.

पुढच्या पुस्तकात दरीत कारखाना येतो. ओदील नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचा एक प्रियकर त्या कारखान्यात मरतो, दुसऱ्याचे पाय जातात. तिसऱ्या पुस्तकात पोरं महानगरात पोचलेली आहेत आणि गावाची नुसती आठवण उरली आहे. या तीन पुस्तकांचा प्रवास म्हणजेच ते रिकामं घर. ल्यूसीचे भाऊ, ओदील, शहरात हरवलेली पोरं, यांनी मागे सोडलेल्या भिंतींवर पुढे 'विकणे आहे' अशी पाटी लागते. मेल यांच्या वाचकानं जे घर घ्यायचं स्वप्न पाहिलं, त्या घरातून निघून गेलेली माणसं बर्जर यांच्या पुस्तकात आहेत. म्हणून आम्ही म्हणतो की ही दोन्ही एकाच घराबद्दलची पुस्तकं आहेत, आणि एक वाचलं तर दुसरं वाचायलाच हवं.

बर्जर यांच्यातही एक उणीव आहे, तीही सांगायला हवी. ते गावाला बोलू देतात, पण या तीन पुस्तकांतून स्वतः जवळजवळ नाहीसे होतात. आपण बाहेरचे, राहायचं ठरवून आलेले लोक आहोत, हे ते मान्य करतात. पण त्या बाहेरच्या माणसाचा रोजचा दिवस कसा जातो, कुठे त्याला कमी लेखलं जातं, कुठल्या शब्दावर तो अडतो, हे तिथे मिळत नाही. मेल यांच्यात शेजारी उथळ राहतो, बर्जर यांच्यात येऊन राहिलेला माणूस पडद्याआड जातो. दोघांना एकाच उजेडात बसवणारं मोठं पुस्तक आम्ही तरी अजून वाचलेलं नाही.

साहित्यानं जे केलं नाही ते समाजशास्त्रानं थोडंफार केलं. मिकेला बेन्सन यांनी लोत भागातल्या ब्रिटिश रहिवाशांमध्ये राहून अभ्यास केला. त्यांचं 'द ब्रिटिश इन रूरल फ्रान्स' 2011 मध्ये आलं. त्यात एक गोष्ट फार मार्मिकपणे पुढे येते. इथे आलेल्या प्रत्येकाला आपण 'त्या इतर इंग्रजांसारखे' नाही, हे सिद्ध करायचं असतं. पर्यटक ते वेगळे, सुट्टीपुरते येणारे ते वेगळे, नुसत्या इंग्रजांत वावरणारे ते वेगळे. आम्ही खरे इथले. आणि हे सिद्ध करणं कधी संपत नाही. परगावी राहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे नवं वाटणार नाही.

आणि मग इतिहासानं या मंडळींची परीक्षा घेतली. 23 जून 2016 रोजी ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. ज्यांच्या आयुष्यावर त्याचा सरळ परिणाम होणार होता त्यांपैकी अनेकांना त्यात मतच देता आलं नाही. पंधरा वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिलेल्यांचा मताधिकार जात असे, आणि तो नियम पुढे 2024 मध्ये उठला. 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन बाहेर पडलं. मार्चमध्ये फ्रान्समध्ये कोम्यूनच्या, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थांच्या निवडणुका होत्या. युरोपीय संघाच्या नागरिकांना तिथे मत देता येतं आणि सदस्यही होता येतं, फक्त सरपंच किंवा उपसरपंच होता येत नाही. तोपर्यंत फ्रान्सभर 700 हून अधिक ब्रिटिश माणसं अशी सदस्य होती. गावचा रस्ता, शाळेची खानावळ, स्मशानाची भिंत, असल्या प्रश्नांवर रात्री बैठकांना बसणारी माणसं. एका तारखेनं त्यांना निवडणुकीला उभं राहता येईना आणि मतही देता येईना. त्यानंतर राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज, प्रेफेक्त्यूर म्हणजे जिल्हा कचेरीची बोलावणी, बोटांचे ठसे.

यात आमच्या दृष्टीनं शब्दाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आतापर्यंत ही मंडळी स्वतःला 'एक्सपॅट' म्हणवत होती. 'स्थलांतरित' हा शब्द इतरांसाठी होता : बर्जर यांनी ज्यांच्यावर लिहिलं त्या तुर्की आणि पोर्तुगीज मजुरांसाठी. परवान्याच्या कचेरीत ही वाटणी चालत नाही. तिथे सगळे परदेशी. मेल यांच्या पुस्तकातला गोडवा दोन आधारांवर उभा होता, घरांच्या किमतीतला फरक आणि एक आंतरराष्ट्रीय करार. दुसरा आधार निघाल्यावर पहिल्यांदा दिसलं की तो तिथे होता.

आणि ते 700 सदस्य बघा. या दालनात त्यांच्यावर पुस्तकं जवळजवळ नाहीत. दगडी घर दुरुस्त करणाऱ्यावर ढीगभर, आणि गावच्या पाणीपुरवठ्याच्या बैठकीत मोडक्या फ्रेंचमध्ये मुद्दा मांडणाऱ्या निवृत्त शिक्षिकेवर नाही. गावानं तिला निवडून दिलं होतं, याचा अर्थ गावानं तिला काहीतरी मानलं होतं. हा खरा विषय होता. तिथे नळवाला तुमच्या घरी येत नाही, तुम्ही आणि नळवाला एका टेबलाशी समोरासमोर बसता, आणि कधीकधी मतदानात तो तुम्हांला हरवतो.

दुसरा न लिहिला गेलेला विषय म्हणजे म्हातारपण. साठीत आलेलं जोडपं ऐंशीत पोचतं. बाग झेपत नाही. गावचा डॉक्टर निवृत्त होतो आणि नवा येत नाही. फ्रान्सच्या ग्रामीण भागात ही मोठीच अडचण आहे. जोडीतलं एक जण जातं. बाजारहाटाला पुरणारं फ्रेंच दवाखान्यात दुखणं सांगायला पुरत नाही. नोतेरकडे गेल्यावर कळतं की फ्रेंच कायद्यात मुलांचा वाटा राखीव असतो, इंग्लंडसारखं मनाला येईल तसं मृत्युपत्र करता येत नाही. दुसरं लग्न झालेल्या घरांत त्यातून गुंते होतात. घर विकायला काढावं तर घेणारा नाही, कारण तसलीच आणखी चार घरं विकायला आहेत. म्हणजे घर पुन्हा रिकामं होतं. फ्रान्समधल्या अनेक कोम्यून आपल्या वृद्धांना वर्षातून एकदा एकत्र जेवण देतात. त्या पंगतीत गावच्या म्हाताऱ्यांशेजारी बसलेली इंग्रज विधवा, तिला 'तू' म्हणणारी शेजारीण आणि अजून 'तुम्ही' म्हणणारा सरपंच. ज्याला लिहायचं आहे त्यानं इथून सुरुवात करावी.

हे सगळं आपण का बघतो आहोत, असं कुणी विचारेल. एक कारण असं की आता मराठी माणूसही परदेशात वर्षानुवर्षं राहतो, घर घेतो आणि लिहितो. त्याच्या लेखनाला हीच मोजपट्टी लावून बघता येईल. घर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्या लेखनात नाव आहे का? काम झाल्यावर तो कुठे जातो, हे लिहिणाऱ्याला माहीत आहे का? आपण यायच्या आधी इथे कोण राहत होतं आणि ते का गेलं? आणि पहिल्या वर्षाची नवलाई सरल्यावर, विसाव्या वर्षी, तो काय लिहितो?

मेल पुढे पर्यटकांच्या गर्दीला कंटाळून काही वर्षं अमेरिकेत गेले, पण परत प्रॉव्हान्सलाच आले आणि 2018 मध्ये तिथेच वारले. बर्जर आदल्या वर्षी, 2017 च्या जानेवारीत गेले, फ्रान्समध्येच. दोघांनीही त्या देशावर प्रेम केलं, यात आम्हांला शंका नाही. प्रेम कुणाचं जास्त, असा आमचा प्रश्नच नव्हता.

घरी गेल्यावर दोन्ही पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून वाचा. मेल यांचा जानेवारी आणि मग ल्यूसी काब्रोल, या क्रमानं. उलट क्रमानं वाचलंत तर त्या नळवाल्याला हसणं जरा जड जाईल, आणि त्याच्यावर हसायचा आनंदही एकदा घ्यायला हवा.

इथे थांबतो. तुमच्यापैकी कुणी तिकडे राहिलं असेल तर आता बोलावं, आम्हांला ऐकायला आवडेल.